कोपऱ्यात काय लावू? स्वयंपाकघराच्या रिकाम्या भिंतींबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रॉल्यांबद्दल लिहिलं होतं आणि पत्रं आली ती जवळपास सगळी कोपऱ्यांबद्दल! ओट्याचा कोपरा, फ्रीजमागचा कोपरा, दारामागचा कोपरा, नुसती भिंत बघून बघून कंटाळा आलाय म्हणणारे तर कितीतरी. उत्तरं देण्याआधी एकच सांगते, आपल्याकडे रोज फोडणी होते आणि तेलाची वाफ चिमणी असली तरी थोडीफार भिंतीवर बसतेच, त्यामुळे जी वस्तू काढून सिंकमध्ये साबणाने धुता येत नाही किंवा जागेवर ओल्या फडक्याने पुसता येत नाही ती ओट्याजवळच्या भिंतीवर लावूच नका, कितीही सुंदर दिसू दे.

प्रश्न : ताई, आमचा ओटा एल शेपचा आहे. दोन्ही ओटे मिळतात तिथला कोपरा नुसता पडून आहे, भिंतीवर पांढऱ्या टाइल्स आहेत आणि वरचं कपाट कोपऱ्याच्या आधीच संपतं. मिस्टर म्हणतात काचेचे शेल्फ लावू आणि आत लाइट देऊ, सासूबाई म्हणतात मसाल्याच्या बरण्या ठेवायला मांडणी करा. गॅस कोपऱ्यापासून दीड फुटावर आहे, प्लग कोपऱ्यातच आहे. कोणाचं ऐकू? (वाचक, डोंबिवली)

दोघांचंही अर्धं अर्धं ऐका. आधी टेप घेऊन कोपरा मोजा. ओटा साधारण 2 फूट खोल असतो, म्हणजे तुम्ही एलच्या आतल्या टोकाला उभ्या राहिलात की भिंतीचा कोपरा तुमच्यापासून तिरका 34 इंचांवर जातो. आपला हात आरामात पोचतो 2 फूट, फार तर सव्वादोन. म्हणजे त्या खाचेत लावलेली बरणी काढायला तुम्ही रोज ओट्यावर वाकणार, बाजूला गॅस चालू, ओढणी नाहीतर पदर खाली लोंबतोय. म्हणून मसाले तिथे नकोत. शिवाय गॅसच्या उष्णतेने आणि वाफेने तिखट-हळदीचा रंग उडतो, मिठाचा गोळा होतो. मसाल्याचा डबा ट्रॉलीतच बरा, सासूबाईंना माझं नाव सांगा.

खाली ओट्यावर त्या खाचेत मिक्सर ठेवा. तो जड आहे, रोज हलवायचा नसतो आणि प्लगही तिथेच आहे म्हणताय. फक्त मिक्सर आणि इंडक्शन एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावू नका, इंडक्शन 2000 वॅटच्या आसपास खेचतं, त्याला स्वतःचा 16 अँपियरचा प्लग हवा. आता वरती एकच शेल्फ, दोन्ही भिंतींना धरून एल आकाराचं, 6 ते 8 इंच खोल, बास. उंची कशी ठरवायची, तर मिक्सरवर तुमचं सगळ्यात मोठं भांडं चढवा, झाकण उचलून बघा, त्याच्या वर चार बोटं सोडून पेन्सिलची खूण करा. या शेल्फवर आठवड्यातून एकदा लागणाऱ्या वस्तू, म्हणजे लोणच्याची चिनीमातीची बरणी, छोटा खलबत्ता, मोदकपात्र, असलं. दिसायलाही छान दिसतं आणि रोज हात घालावा लागत नाही.

काच म्हणाल तर माझं मत नको असंच आहे, कारण काचेवर तेलाचा चिकट थर सगळ्यात आधी दिसतो आणि लाइट दिला की अजून दिसतो. लावायचीच असेल तर टफन्ड काच आणि कडा घासून घेतलेल्या. त्यापेक्षा ओट्याचाच ग्रॅनाइट उरला असेल तर त्याची पट्टी कापून घ्या, पुसायला सोपी. लाइट मात्र नक्की घ्या, वरच्या कपाटाच्या खालून, कारण कोपऱ्यात आपलीच सावली पडते आणि भाजीतली अळी दिसत नाही.

आता ड्रिल. हा भाग मिस्टरांना वाचायला द्या. नळाच्या आणि स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली भोक मारायचं नाही, पाइप आणि वायरी बहुतेक तशाच उभ्या गेलेल्या असतात. टाइलवर आधी मास्किंग टेपची फुली चिकटवायची म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर मोड बंद, हळू फिरवायचं. टाइलच्या कडेला भोक मारलं की टाइल तडकते, थोडं आत घ्या. मग भिंतीतून भुकटी कसली येते ते बघा. लाल आली तर वीट, साधी गिट्टी (भोकात बसवायची, स्क्रू धरून ठेवणारी प्लॅस्टिकची नळी) आणि स्क्रू चालतो. करडी आली आणि मशीन पुढे जायलाच तयार नाही तर काँक्रीट, हल्लीच्या बऱ्याच टॉवरमध्ये भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात, तिथे टाइल पार झाल्यावर हॅमर लागतोच. आणि पांढुरकी, पिठासारखी भुकटी भसाभसा आली, बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं, तर ते हलके ब्लॉक आहेत, ज्याला साइटवर सिपोरेक्स म्हणतात. त्यात साधी गिट्टी दोन महिन्यांत फिरायला लागते. त्या ब्लॉकसाठी वेगळी लांब नायलॉनची गिट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, तीच मागा. भरलेल्या दहा काचेच्या बरण्या म्हणजे सहज 12-15 किलो वजन होतं, मांडणी पडली की फक्त बरण्याच फुटत नाहीत, खालचा ओटाही टवका घेतो.

प्रश्न : आम्ही पुण्यात भाड्याने राहतो, मालकांनी अॅग्रीमेंटमध्ये लिहूनच घेतलंय की एकही खिळा मारायचा नाही. फ्रीजच्या बाजूला दोन फुटांचा कोपरा रिकामा आहे. चिकटणारे हुक लावले तर ते रात्री धाडकन पडतात, एकदा तर झोपेतून उठलो चोर आला म्हणून. काही उपाय? (वाचक, पुणे)

हुक पडतात याची कारणं बहुतेक दोनच, एक म्हणजे तेलकट भिंत आणि दुसरं म्हणजे घाई. टाइल आधी भांड्याच्या साबणाने, मग स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा, हुक दाबून धरा आणि त्यावर 24 तास काही म्हणजे काही टांगू नका. टाइल्सच्या जॉइंटवर हुक लावायचा नाही, खाली हवा राहते. रंगाच्या भिंतीवर तर लावूच नका, विशेषतः डिस्टेंपर असेल तर, हुक जाताना रंगाचा पापुद्रा घेऊन जातो आणि डिपॉझिट परत मागायच्या दिवशी तो मालकांना बरोबर दिसतो.

पण दोन फुटांच्या कोपऱ्याला हुक कशाला हवेत? जमिनीवर उभी राहणारी मांडणी घ्या, चाकांची, तीन-चार जाळ्यांची. घर बदललं की टेम्पोत टाकायची. खालच्या जाळीत जड, म्हणजे पिठाचा डबा नाहीतर तेलाचा कॅन. कांदे आणि बटाटे लोक हमखास एकाच टोपलीत टाकतात, ते वेगळे करा, एकत्र ठेवले की बटाट्याला कोंब लवकर येतात. कांद्याला वारा हवा, बटाट्याला अंधार हवा, उजेडात बटाटा हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग कडवट तर असतोच, खाण्यालायकही नसतो. म्हणजे कांदे वरच्या उघड्या जाळीत, बटाटे खाली सुती पिशवीत. फ्रीजच्या मागे आणि बाजूला मात्र थोडी जागा सोडा, कंपनीच्या पुस्तिकेत किती सोडायची ते दिलेलं असतं, मांडणी अगदी चिकटवून ठेवली की फ्रीजची गरमी बाहेर पडत नाही आणि कांदेही गरम होतात.

सजावट हवीच असेल तर फ्रीजची दिसणारी बाजू वापरा! लोखंडी पत्रा आहे, चुंबक चिकटतो. चुंबकाच्या जाळ्या मिळतात, त्यात गाळणं, कात्री, लायटर, वाण्याची यादी, मुलांची चित्रं सगळं राहतं. काही नव्या फ्रीजच्या बाजूला चुंबक धरत नाही, आधी एक साधा चुंबक लावून बघा आणि मगच ऑर्डर करा.

प्रश्न : वाईजवळ आमचं जुनं घर आहे, आजोबांच्या वेळचं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दोन कोनाडे आणि एक फडताळ आहे, भिंत दीड हात जाड. गवंडी म्हणतोय हे सगळं विटांनी बुजवून, सिमेंटचा गिलावा करून वर टाइल्स लावू, एकदम चकाचक. आईला ते बुजवायचं नाही. तुमचं काय मत? (वाचक, सातारा जिल्हा)

आईंचं ऐका, आणि गवंड्याला चहा देऊन परत पाठवा.

शहरात लोक सिमेंटच्या भिंतीत पैसे मोजून खोटे कोनाडे करून घेतात आणि तुम्हाला फुकट मिळालेत ते बुजवायला निघालात. दीड हात जाड भिंतीतला कोनाडा म्हणजे फूटभर खोल शेल्फ, एक इंचही जागा न अडवणारं. पण भावनेपेक्षा मोठं कारण भिंतीचं आहे. तुमची भिंत बहुतेक दगड-मातीची नाहीतर चुन्यात बांधलेली असणार. अशी भिंत जमिनीतून थोडं पाणी ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू उडून जातं. त्यावर सिमेंट आणि वर टाइल्स लावल्या की पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, ते आतल्या आत भिंत भिजवत राहतं, मग काही पावसाळ्यांनी सिमेंटचा गिलावा फुगून टाइल्ससकट सुटतो आणि माती भुसभुशीत झालेली असते. जुन्या घरांत हे इतक्या वेळा बघितलंय की आता गिलाव्याचा फुगवटा दिसला की बोटाने टकटक करून बघायची सवयच लागलीये, पोकळ आवाज येतो.

तेव्हा कोनाड्यांना चुन्याचाच गिलावा परत करून घ्या, चुन्याचं काम जाणणारा गवंडी वाईत शोधला तर मिळेल, तिथे जुने वाडे आणि देवळं कमी नाहीत. आतून पांढरा चुना, तळाला एक कडप्प्याची फरशी बसवा म्हणजे बरणीचे डाग पडणार नाहीत. ओट्याच्या मागे दोन फूट टाइल्स हव्याच असतील तर तेवढ्यापुरत्या स्टीलच्या पत्र्यावर भागवा, भिंतीपासून जरा सुटा ठेवून. मातीच्या भिंतीत ड्रिल मारून गिट्टी बसत नाही, नुसती माती गळते, तेव्हा जुन्या लाकडी खुंट्या असतील तर त्या काढू नका, परात आणि कढई त्यांच्यावरच छान राहतात.

फडताळाची दारं वाळवीने खाल्ली नसतील तर नुसती घासून तेलपाणी करा. आत आईंची तांब्या-पितळेची भांडी मांडा. चिंचेच्या कोळाने घासली की लखलखतात, पण कोरडी करून ठेवा नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग. आणि त्यातलं एखादं पितळेचं पातेलं आमटीसाठी काढावंसं वाटलं तर आधी कल्हई. बिनकल्हईच्या पितळेत आंबट काही शिजवायचं नाही, हे आईंना माहीत असेल, तुमच्यासाठी लिहिलं.

प्रश्न : स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खालून ओल येते, रंगाचे पोपडे निघालेत, पांढरा खार फुटलाय. दिवाळीला पाहुणे येणार आहेत. तिथे वॉटरप्रूफ वॉलपेपर लावून टाकला तर चालेल का? पांढऱ्या विटांचं डिझाइन बघून ठेवलंय. (वाचक, ठाणे)

नाही. वॉलपेपर लावलात तर ओल दिसणार नाही एवढंच, ती असणारच, आणि कागदामागे काळी बुरशी धरेल. स्वयंपाकघरात बुरशीचा वास म्हणजे पाहुण्यांना वॉलपेपरपेक्षा तोच लक्षात राहील.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. त्या भिंतीमागे बाथरूम आहे का? असेल तर खालची ओल बहुतेक तिथून, जमिनीच्या जॉइंटमधून नाहीतर पाइपमधून. बाहेरची भिंत असेल तर बाहेर तडा किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप बघा. सिंक जवळ असेल तर सिंकखालचा आऊटलेट, तो तर पहिला संशयित. नक्की कळत नसेल तर एक सोपी चाचणी, प्लॅस्टिकचा फूटभर चौकोन भिंतीवर चारी बाजूंनी टेपने सीलबंद चिकटवा आणि दोन दिवस सोडा. आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब आले तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले तर ती घरातलीच वाफ आहे, मग एक्झॉस्ट फॅन आणि उघडी खिडकी यानेच बरंचसं भागेल.

पांढरा खार म्हणजे भिंतीतलं मीठ, पाणी उडून जाताना ते वर येऊन बसतं. ते पाण्याने धुऊ नका, परत आत जातं, कोरड्या ब्रशने झाडून काढा. गळती थांबवल्यावर भिंत वाळायला वेळ द्या, पावसाळा संपल्या संपल्या लगेच रंग मारायचा नाही. दिवाळीपर्यंत वाळली तर उत्तम, नाही वाळली तर पोपडे खरवडून तशीच ठेवा आणि समोर एक उभी जाळीची मांडणी भिंतीपासून तीन-चार इंच सुटी ठेवा, हवा खेळती राहील. पाहुण्यांना चकली दिली की ते भिंतीकडे बघत नाहीत.

प्रश्न : मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात स्वतःच्या हाताने वारली पेंटिंग करायचंय. गेरूचा रंग देऊन पांढऱ्या रंगाने. गॅसच्या बाजूची भिंत आहे. कुठला रंग वापरू आणि कुठलं चित्र काढू? (वाचक, विरार)

वा, आणि तुम्ही तर वारली चित्रकारांच्या शेजारीच राहता, पालघर जिल्ह्यातच! आधी जागा बदला. गॅसच्या बाजूला नको, समोरच्या नाहीतर दाराकडच्या कोपऱ्यात करा. मूळ पद्धतीत सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचला करून काढतात, तो रंग ओल्या फडक्याने पुसला की निघून जातो. वारली घरांत चित्र जुनं झालं की परत सारवून नवीन काढायची रीत होती, आपल्या फ्लॅटमध्ये ते जमणार नाही. तेव्हा वॉशेबल इमल्शनमध्ये गेरूचा रंग मिसळून घ्या, वर पांढरा अॅक्रिलिक, पूर्ण वाळल्यावर मॅट वॉर्निशचा हात. चकचकीत वॉर्निश नको, ट्यूबलाइट चमकते आणि चित्र दिसत नाही.

चित्राबद्दल एक आगाऊपणा करते. चौकोनी चौकटीत देवी असलेला जो चौक नेटवर सगळीकडे दिसतो तो लग्नातला आहे, पालघट देवीचा, सुवासिनी तो लग्नघरात विधी म्हणून काढतात. डब्यांच्या मागे नुसती शोभा म्हणून तो काढावा असं मला वाटत नाही. तारपा वाजवणारा आणि भोवती गोल धरून नाचणारी माणसं, भातलावणी, उखळात कांडणाऱ्या बायका, झाडावरचे पक्षी, हे काढा, स्वयंपाकघराला शोभतंही. माणूस म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, पण ते त्रिकोण बारीक आणि रेघ तीच जाडीची ठेवणं हेच अवघड आहे, आधी वर्तमानपत्रावर भरपूर काढून बघा. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं बघा, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली होती, मासेमारीच्या जाळ्याचा एकेक धागा ते कसा भरायचे ते बघून हात थरथरतो. आणि स्वतः काढायचा कंटाळा आला तर डहाणू-जव्हारकडच्या चित्रकाराकडून कापडावर नाहीतर बोर्डवर काढून घ्या, पूर्ण पैसे देऊन, घासाघीस न करता.

प्रश्न : बांबूची सुपं, रोवळ्या, टोपल्या भिंतीवर गोलाकार मांडलेलं इन्स्टावर बघितलं. जेवणाच्या टेबलाजवळच्या कोपऱ्यात करू का? (वाचक, नागपूर)

करा, टेबलाजवळ आहे म्हणजे फोडणीपासून लांब आहे. नागपूरची हवा कोरडी, तुम्हाला हे मुंबईकरांपेक्षा जास्त साधेल, तिकडे पावसाळ्यात बांबूला बुरशी येते. ऑनलाइन रंगवलेल्या टोपल्या घेण्यापेक्षा बुरुडाकडून घ्या, वीण घट्ट असते आणि तुम्हाला हव्या त्या मापाची करून देतात. भिंतीवर लावण्याआधी दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा. लावल्यानंतर कधी खाली बारीक पिवळी भुकटी पडलेली दिसली तर भुंगा लागलाय समजा, ती टोपली लगेच बाहेर. आणि सगळ्या एकाच मापाच्या नकोत, एक मोठं सूप, बाकी लहान.

थोडक्यात उत्तरं

मनी प्लांटची बाटली कोपऱ्यात ठेवू का? (नाशिक) ठेवा, उजेड कमी असला तरी जगतो. पाणी आठवड्याला बदला आणि बाटली आतून घासा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. पुदिना-कोथिंबीर मात्र अंधाऱ्या कोपऱ्यात येणार नाही, ते खिडकीतच.

देवघर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आहे, वरती कपाट आलंय. (चिंचवड) निरांजनाच्या ज्योतीवर प्लायवूड असेल तर आधी काळं पडतं आणि मग तापतं. कपाटाचा तेवढा भाग काढा किंवा दिवा पुढे घ्या. आणि सिलिंडर त्याच कोपऱ्यात असेल तर तो आजच हलवा, एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साठतो.

ईशान्य कोपरा रिकामाच ठेवावा म्हणतात, खरं का? (सोलापूर) वास्तूचं मला विचारू नका, मी सुताराची बाजू बघते. रिकामा ठेवायची इच्छा असेल तर ठेवा की, पुसायला तेवढी एक भिंत कमी.

दारामागचा चार इंचांचा कोपरा? (बेळगाव) दार पूर्ण उघडा, हँडल आणि भिंतीतलं अंतर मोजा, त्यात पोळपाट, ताटं, किसणी उभी राहतील अशी चपटी जाळी बसते. झाडू तिथे नको, पोळपाटाशेजारी तर नकोच. दाराला खाली स्टॉपर लावून घ्या, नाहीतर मुलं दार आपटतात आणि ताटं वाजतात.